ताईच्या हातासाठी फोटो-कार्डं, आरसापेटी आणि बाकीचा खटाटोप: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

ताईचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर निघालं, एक्सरेत हाड नीट जुळलेलं दिसतंय, आणि हात मात्र आधीपेक्षा जास्त दुखतोय. सूज, कातडी कधी लाल कधी निळसर, डाव्या हातापेक्षा गार, तळव्याला सारखा घाम, चादर नुसती घासली तरी कळ जाते. डॉक्टरांनी बुडापेस्ट निकष (या आजाराची लक्षणं तपासायची ठरलेली यादी) लावून सीआरपीएस टाइप १ सांगितलंय, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, ज्यात मोठ्या नसेला इजा झालेली सापडत नाही (सापडली की टाइप २). औषधं आणि फिजिओ चालू आहे, त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही, ते ज्याचं त्याने डॉक्टरला विचारावं.

इथे फक्त घरी जे बनवायचंय त्याच्या नोंदी. फिजिओ मॅडमनी ग्रेडेड मोटर इमेजरी करायला सांगितलंय. तीन टप्पे. आधी फोटोतला हात डावा की उजवा ते ओळखायचं, मग हालचाल नुसती मनात करायची, मग आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुखऱ्याच्या जागी बघत करायची. लॉरिमर मोझली नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने २००४ मध्ये हे जुन्या सीआरपीएसच्या १३ पेशंटवर करून बघितलं, एकेका टप्प्याला दोन आठवडे, आणि दुखणं कमी झालं. पुढच्या वर्षी त्यानेच टप्प्यांचा क्रम बदलून बघितला तर तेवढा फायदा मिळाला नाही. म्हणजे आरसा शेवटी. आमची आरशाची पेटी अर्धी होऊन बसली होती कारण कुठेही शोधलं की पहिला फोटो तिचाच येतो. ती आता माळ्यावर.

१४ जानेवारी

सुरुवातीची मोजमापं. मॅडम म्हणाल्या की दुखणं १० पैकी किती हे रोज विचारत बसू नका, आठवड्यातून एकदा पुरे, त्यापेक्षा मेंदूला हात कितपत कळतोय ते मोजा.

पहिलं म्हणजे डोळे मिटून हाताचं वर्णन. ताईला सांगितलं, हात मांडीवर ठेव, बघू नकोस, बोटं एकेक करून सांग. अंगठा आहे म्हणाली. तर्जनी आहे, जाड आहे. मग गप्प. मग म्हणाली, "अरे मधली दोन कुठे आहेत तेच कळत नाहीये, हलवली तर कळेल पण हलवायची नाहीत मला." करंगळी परत होती. डाव्या हाताने कागदावर काढायला लावलं तर तळवा भलामोठा गोळा, अंगठा आणि करंगळी नीट, मध्ये नुसत्या दोन रेघा ज्यांना टोकच नाही. हे बघून मी जरा हादरलो होतो, मॅडमना मात्र काही नवल वाटलं नाही, बरेच पेशंट हाताचा एखादा भाग असा गाळून टाकतात म्हणे.

दुसरं, आकार. तिच्या हाताचा फोटो काढून कॉम्प्युटरवर थोडा थोडा लहानमोठा करून प्रिंट काढल्या आणि खरा कुठला ते निवडायला लावलं. डाव्या हाताचा बरोबर निवडला. उजव्याचा चांगलाच मोठा निवडला, आणि खरा हात शेजारी ठेवल्यावरही तिला पटेना. सूज आहेच, पण फोटो सुजलेल्या हाताचाच होता, त्यामुळे सूज हे कारण होऊ शकत नाही. मोझलीनेच २००५ मध्ये हे दाखवलंय की सीआरपीएसवाल्यांना दुखरा हात खऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

तिसरं, दोन टोकांची चाचणी. कातडीवर एकाच वेळी दोन टोकं टेकवायची, आणि किती जवळ आणली की ती एक वाटायला लागतात ते बघायचं. निरोगी माणसाच्या बोटाच्या टोकाला साधारण २ ते ४ मिमी, पाठीवर तेच ४ सेंमीच्या आसपास जातं. व्हर्नियर कॅलिपर (बारीक अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन) वापरला, त्याची टोकं धारदार असतात म्हणून आधी घासून बोथट केली. डाव्या तर्जनीला ३ मिमी, उजवीला ७. इथे एक गोष्ट सांभाळा, दोन्ही टोकं एकदमच टेकली पाहिजेत, एक आधी लागलं तर माणूस त्यावरूनच "दोन" म्हणतो. आणि मधूनच एकच टोक लावायचं, नाहीतर नुसतं "दोन दोन" ऐकू येतं. पहिल्या दिवसाचे आकडे याच कारणाने फेकून द्यावे लागले, वर लिहिलेले दुसऱ्या दिवशीचे आहेत.

१८ जानेवारी

फोटो काढणं सुरू. तयार अ‍ॅप्स आहेत फोनवर, पण ताईला इंग्रजी अ‍ॅपचा कंटाळा येतो आणि मला फोटो आपल्या हातात हवे होते म्हणून स्वतःच करायचं ठरलं.

हात माझा, बायकोचा, पोरांचा, शेजारच्या आजोबांचा. उघडा, मुठीत, बोटं खाली, बोटं वर, तळवा समोर, पाठ समोर, कडेने. प्रत्येक फोटो वेगवेगळ्या कोनात फिरवायचा.

डावा-उजवा ओळखताना आपण नुसतं बघून ठरवत नाही. मेंदू आपलाच हात मनातल्या मनात फिरवून त्या फोटोवर बसवून बघतो. म्हणून अवघड कोनातल्या फोटोला वेळ जास्त लागतो, जेवढा खरा हात तिथे न्यायला लागला असता त्याच्याशी मिळताजुळता. पार्सन्स नावाच्या संशोधकाने हे १९८७ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे हात न हलवता हाताच्या हालचालीचं खातं उघडायचा हा मार्ग आहे, आणि ज्याला हात हलवला की कळ येते त्याच्यासाठी तेवढंच परवडतं.

२३ जानेवारी

पहिला सेट फुकट गेला.

दोनच दिवसात ताईचा स्कोअर एकदम वर गेला, मी खूश. मग सहज विचारलं की कसं ओळखतेस, तर म्हणाली, "खिडकीचा उजेड डावीकडून आला की डावा." झालं काय की डाव्या हाताचे फोटो मी सकाळी काढले होते आणि उजव्याचे संध्याकाळी, दुसऱ्या खोलीत. तिने मुद्दाम नाही केलं, मेंदू सोपा रस्ता शोधणारच. शिवाय आजोबांच्या एका हाताला घड्याळ, आणि पोराच्या अंगठ्याला पट्टी. हे सगळं खुणेचं काम करतं.

दुरुस्ती: फक्त एका हाताचे फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर आडवा उलटा करून दुसरा हात बनवायचा. मग उजेड, जखम, घड्याळ, जे काय असेल ते दोन्हीकडे सारखंच येतं आणि खूण म्हणून उपयोगाचं राहत नाही. मागे साधा करडा कागद. फोटोत अक्षरं, आकडे काहीही नको, उलटी अक्षरं लगेच चुगली करतात. हे आधी केलं असतं तर जवळजवळ आठवडा वाचला असता.

२९ जानेवारी

वेळ मोजायची भानगड. नुसता स्लाइड शो चालवून उपयोग नाही, बरोबर किती आणि प्रत्येकाला वेळ किती हे दोन्ही लागतं. भाच्याने एक छोटं पान बनवून दिलं, फोटो येतो, डाव्या हाताने दोनपैकी एक बटण दाबायचं, वेळ नोंदला जातो.

आकडे विचित्र यायला लागले. काही फोटोंना दरवेळी जास्त वेळ, आणि ते अवघडही नव्हते. शोधून शोधून वैताग आला, शेवटी कळलं की ते फोटो मोबाइलच्या पूर्ण साइझचे होते, पडद्यावर यायलाच उशीर करत होते आणि घड्याळ मात्र आधीच सुरू. सगळे लहान केले आणि सेशन सुरू व्हायच्या आधी सगळे लोड करून ठेवायला लावले. आणि सरासरी काढायची नाही, मधला आकडा घ्यायचा, कारण मध्येच दाराची बेल वाजली की एक फोटो वीस सेकंद घेतो आणि सरासरीचं वाटोळं करतो.

आता आकडे कळतात. निरोगी माणसाला एका हाताच्या फोटोला साधारण २ सेकंद लागतात आणि १० पैकी ८ च्या वर बरोबर येतात. ताईचे डावे फोटो या हिशोबात बसतात. उजव्यांना जवळजवळ दुप्पट वेळ. बरोबर-चूक मात्र दोन्हीकडे ठीकठाक. दोन्ही गोष्टी वेगळ्या वाचायच्या असतात असं मॅडम सांगतात. एका बाजूचा वेळ जास्त म्हणजे मेंदू त्या बाजूकडे लक्ष द्यायला टाळतोय किंवा हालचालीला धजत नाहीये. बरोबर उत्तरंच कमी आली तर आतला डाव्या-उजव्याचा नकाशाच गोंधळलाय. आणि ५० टक्के म्हणजे नुसती नाणेफेक, त्याला स्कोअर म्हणायचं नाही.

५ फेब्रुवारी

मूळ प्रयोगात जागेपणी दर तासाला दहा मिनिटं करायचं होतं. घरात हे जमत नाही, कोणाचंच जमणार नाही. आमचं सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी असं बसलंय, कधी एखादं चुकतं. छोटी सेशन जास्त वेळा, हे मोठ्या एका सेशनपेक्षा बरं पडतं, कारण पाच-सात मिनिटांनंतर ताईचे आकडे घसरायला लागतात आणि घसरलेल्या आकड्यांवर तिचा मूड जातो.

काही फोटो काढून टाकले. चाकू धरलेला हात, डबा पिळून उघडणारा हात, यांना बघूनच तिच्या मनगटात कळ येत होती. खोटं वाटेल पण हात हलला नव्हता. नंतर हळूहळू परत घालू.

१३ फेब्रुवारी

उजव्याचा वेळ उतरतोय, डाव्याच्या जवळ आलाय. दुखणं होतं तसंच. ताईला हे पचत नाही, "आकडे सुधारून मला काय करायचंय" असं म्हणाली आणि खरं आहे, या टप्प्यात दुखणं कमी होईल अशी आशा लावून बसू नये.

इथे एक उलट बाजूही लिहून ठेवतो, पेशंटला खोटी आशा नको. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या दोन केंद्रांनी रोजच्या दवाखान्यात हीच पद्धत वापरून बघितली तर दुखण्यात फरक पडला नाही. आणि मेंदूतला हाताचा नकाशा, म्हणजे हाताचा स्पर्श नोंदणारा भाग, आक्रसतो असं जे सगळीकडे छापलेलं असतं, ते जुन्या मोजण्यांवरून आलंय. २०१९ मध्ये एफएमआरआयने (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) बोटाबोटाचा बारीक नकाशा काढला तेव्हा सीआरपीएसवाल्यांचा नकाशा निरोगी लोकांसारखाच निघाला. पेनफील्ड या मेंदूच्या सर्जनने १९३७ मध्ये मेंदूवर आखलेला तो मोठ्या ओठांचा, मोठ्या हातांचा माणूस दाखवून "इथे तुमचा हात लहान झालाय" असं सांगणं सोपं आहे, पण प्रकरण तेवढं सरळ दिसत नाही. हात जाणवण्यात मात्र गडबड असते, ती आमच्या कागदावर दिसतेच आहे.

१९ फेब्रुवारी

कातडी ओळखण्याचं काम याच्या बरोबरीने सुरू केलं. मॅडम म्हणाल्या होत्या की नुसतं चोळू नका, ब्रश फिरवू नका, ओळखायला लावा. २००८ मधला प्रयोग आहे, जुनं हातापायाचं दुखणं असलेल्यांना नुसता स्पर्श केला तर काही होत नाही, पण कुठे लागलं आणि कशाने लागलं हे ओळखायला लावलं तर दुखणंही कमी होतं आणि दोन टोकांचं अंतरही सुधारतं. फरक लक्ष देण्याचा आहे.

साहित्य: बाटलीचं जाड बूच आणि पेनाचं टोपण. हाताचा फोटो मोठा प्रिंट करून त्यावर पाच ठिकाणी आकडे. ताईने हाताकडे न बघता फोटोकडे बघायचं, मी एका ठिकाणी बूच किंवा टोपण टेकवायचं, तिने सांगायचं, "तीन, टोपण".

पहिला दिवस वाईट गेला. थेट तळव्यावर सुरू केलं, तिसऱ्याच स्पर्शाला हात ओढला आणि नंतर तासभर हात लाल. आता कोपराजवळून सुरू करतो जिथे दुखत नाही, आणि पाच ठिकाणं रोज थोडी थोडी मनगटाकडे सरकवतो. टेकवण्याचा जोर सारखा ठेवणं अवघड जातं, बूच जरा जोरात लागतंच. एका फळीला दोरा बांधून स्वतःच्या वजनाने खाली येईल असं काही करायचा प्रयत्न केला, हास्यास्पद झालं, सोडून दिलं. हातानेच, पण माझं मनगट टेबलवर टेकवून.

२७ फेब्रुवारी

दुसरा टप्पा, मनातली हालचाल. याला बनवायला काही लागत नाही असं वाटलं होतं. लागतं, आवाज लागतो. ताईला स्वतःशी सूचना देत बसणं जमेना म्हणून मी माझ्या आवाजात रेकॉर्डिंग केलं: "हात मांडीवर आहे. तळवा वर कर. थांब. परत." पहिली रेकॉर्डिंग फारच भराभर होती, ती म्हणाली "तू बसमधला कंडक्टर आहेस का". परत केली, प्रत्येक सूचनेनंतर मोठा थांबा.

मोठी अडचण वेगळीच निघाली. ती कल्पना करत होती पण बाहेरून, म्हणजे हात पडद्यावर हलताना दिसावा तशी. ते वेगळं. स्वतःच्या खांद्यापासून आत, वजन, कातडीचा ताण, अंगठ्याची कड टेबलाला लागतेय, असं यायला हवं. त्यासाठी आधी डाव्या हाताने खरी हालचाल करायची, कशी वाटते ते लक्षात घ्यायचं, आणि तीच उजव्यात आठवायची. याने जमायला लागलं.

आणि मनात हलवूनही दुखतं. नुसती कल्पना करून हात सुजलेला मोझलीच्याच एका प्रयोगात मोजलाय, त्यामुळे ताई नाटक करत नाहीये हे घरातल्या दोन माणसांना मी ते दाखवूनच पटवलं. दुखलं की हालचाल लहान करायची. पूर्ण मूठ नको, बोट फक्त अर्धा सेंटिमीटर.

४ मार्च

छोटा प्रयोग. २०१२ चा एक निष्कर्ष आहे की गार पडलेला हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे, दुसऱ्या बाजूला ठेवला तर तो गरम व्हायला लागतो, म्हणजे मेंदू नुसत्या हाताला नाही तर त्या बाजूच्या जागेलाच वगळत असतो. करून बघितलं, कपाळाचा ताप मोजायची जी बंदूक असते तिने तापमान घेत. बंदूक थोडी तिरपी धरली, थोडी लांब धरली की आकडा बदलतो, हात न हलवताच. त्यामुळे आमच्याकडे काही सिद्ध झालं नाही. पण ताईला उजवा हात डावीकडे ठेवून बसायला बरं वाटतं म्हणाली, टीव्ही बघताना तसाच ठेवते. नुकसान काही नाही.

१२ मार्च

माळ्यावरची पेटी काढली.

पुठ्ठ्याचा खोका, एका बाजूने हात घालायला भोक, मध्ये उभा आरसा. दुखरा हात आरशामागे लपवायचा, चांगला हात आरशासमोर, मग आरशातला डावा हात उजव्यासारखा दिसतो. रामचंद्रन आणि रॉजर्स-रामचंद्रन या मेंदू-संशोधकांनी १९९६ मध्ये हात कापलेल्यांच्या नसलेल्या हातातल्या दुखण्यासाठी वापरलेली हीच युक्ती. सीआरपीएसवर मॅककेब नावाच्या संशोधकांनी २००३ मध्ये वापरली तेव्हा नव्या केसेसना फायदा झाला, दोन वर्षं आणि जास्त जुन्यांना दुखण्यात काही नाही. म्हणूनच जुन्यांना आधीचे दोन टप्पे.

काचेचा आरसा फुटेल म्हणून अ‍ॅक्रिलिकचा घेतला, पातळ, कात्रीने कापता येणारा. दोन टोकांना टेपने लावला.

१४ मार्च

काढून टाकला. पहिल्याच सेशनला ताईने आत बघितलं आणि तोंड वाकडं केलं, "हा केवढा मोठा दिसतोय". थोड्या वेळात दुखणं वाढलं आणि संध्याकाळी सूजही. मला आधी वाटलं आरसाच तिला सोसत नाही. मग मी माझा हात घालून बघितला तर खरंच मोठा दिसत होता. पातळ पत्रा मध्ये मागे दबला होता, कडा पुढे, म्हणजे तो अंतर्वक्र आरसा झाला होता, दाढी करायच्या आरशासारखा. सरळ पट्टी लावल्यावर मध्ये दोनेक मिमीची फट दिसली, एवढीशी पुरते.

आणि हे साधं नाही. २००८ मध्ये मोझली, पार्सन्स आणि स्पेन्स यांनी हात दुखणाऱ्या दहा जणांना दुर्बिणीतून स्वतःचा हात बघत हलवायला लावलं. मोठा दिसला की दुखणं आणि सूज दोन्ही वाढली, दुर्बीण उलटी धरून लहान दिसला की कमी. ताईला आधीच हात मोठा वाटतोय, त्यात माझ्या पेटीने आणखी मोठा दाखवला.

दुरुस्ती: जाड एमडीएफची फळी, तिच्यावर अ‍ॅक्रिलिक पूर्ण पृष्ठभागावर चिकटवलं, फक्त कडांना नाही. दोन बाजूंचा टेप मध्ये बुडबुडे धरतो, त्याने हात लाटालाटा दिसतो, म्हणून तो पण काढून पातळ सिलिकॉन पसरवून, वर पुस्तकं ठेवून रात्रभर दाबला. मग समोर पट्टी धरून तिचं प्रतिबिंब सरळ येतंय का ते बघितलं. ज्यांना वजनाची फिकीर नाही त्यांनी सरळ जाड काचेचा आरसा घ्या, कडा घासून, टेप लावून, एवढा खटाटोप वाचेल.

१७ मार्च

नवीन आरसा. हात खऱ्या मापाचा दिसतो. अंगठी, घड्याळ, बांगड्या डाव्या हातातून काढायच्या, नाहीतर आरशातला हात आपला वाटत नाही. उजवा हात पूर्ण झाकलेला हवा, कोपरापासून, एक कड दिसली तरी जादू मोडते. पेटीपेक्षा आरसा आणि वर टॉवेल हे जास्त सोयीचं पडलं, कारण पेटीत तिचं मनगट कोनात अडकत होतं.

आज मी डाव्या हाताला बोट लावून "बघ, उजव्याला लावतोय असं वाटतं का" विचारलं. वाटलं, आणि कळ गेली, मागे लपलेल्या हातात, ज्याला कोणी हातही लावला नव्हता. माहिती असलेली गोष्ट आहे, २००५ मध्ये नोंदलेली आहे, आरशात चांगल्या हाताला स्पर्श होताना बघून दुखऱ्यात दुखतं. तेव्हा या टप्प्यात स्पर्श बंद. सध्या फक्त बघायचं, हात हलवायचाही नाही. स्थिर हात, दोन-तीन मिनिटं, श्वास आणि बस.

२८ मार्च

डावा हात हलतो, उजवा लपलेला स्थिर. तळवा वर-खाली. बोटं पसरायची. मग उजवा थोडासा सोबत. इथे ताई घाई करते, आरशात हात मस्त हलताना दिसला की उजवाही तेवढाच ओढते आणि दुसऱ्या दिवशी भोगते. नियम केला की लपलेला हात डाव्याच्या अर्ध्याहून कमी हलेल.

बूच-टोपण आता मनगटाच्या पुढे, हाताच्या पाठीवर. तेही आरशासोबत करायचं ठरलंय, म्हणजे ती डाव्या हाताचं प्रतिबिंब बघते आणि मी मागे खऱ्या उजव्या हातावर टेकवतो. २००९ मध्ये असं केल्याने परिणाम जास्त टिकला होता. डाव्याला स्पर्श नाही, फक्त उजव्याला. हे दोन्ही एकात एक मिसळू नका, माझं एकदा मिसळलं आणि परत कळ.

९ एप्रिल

मोजमापं परत. उजवी तर्जनी ७ वरून ४ मिमी. आकाराचा फोटो आता खऱ्याच्या जवळचा निवडते, थोडा मोठाच पण. डोळे मिटून काढलेल्या चित्रात पाच बोटं आहेत, अनामिका अजून बारीक आणि वाकडी. दुखणं आठवड्याच्या वहीत ७ वरून ५ वर, अधूनमधून ४. यातलं औषधाने किती, वेळाने किती आणि आमच्या पुठ्ठ्याने किती ते कोणी सांगू शकत नाही, आम्ही एकाच माणसावर सगळं एकदम करतोय.

कुडत्याची वरची दोन बटणं उजव्या हाताने लावली. सगळी नाही. खालची मी लावून दिली, ती बघत होती आणि म्हणाली, "तुला येत नाहीत नीट, सरक."

२१ एप्रिल

घसरण. दाराच्या कडेला हात आपटला, मोडलं वगैरे काही नाही, डॉक्टरांनी बघितलं. पण सूज, रंग, गारपणा सगळं परत, आणि फोटोंवरचा उजव्याचा वेळ जवळपास जानेवारीच्या आकड्याला. सगळी मेहनत गेली असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, टप्पा एकवर जा, पुढे ढकलू नका. गेलो. आरसा झाकून ठेवला. यावेळी आकडे पहिल्यापेक्षा लवकर उतरतायत, चार-पाच दिवसात अर्धा फरक भरून निघाला.

एक सोय झाली: फोटो, पान, आरसा सगळं तयार आहे, परत काही बनवायला लागलं नाही. पहिल्या फेरीत वेळेचा मोठा भाग बनवण्यात आणि बनवलेलं फेकण्यात गेला होता, सरावात नाही.

३० एप्रिल

मॅडमच्या दुसऱ्या एका पेशंटला पायाला हेच झालंय, घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर. पायाचे फोटो मागितलेत. हातासारखंच, एकाच पायाचे काढून उलटे करायचे. पण पायाचे कोन हाताएवढे सापडत नाहीत, पाय फिरवून फिरवून तरी किती फिरवणार, म्हणून मुलांना जमिनीवर झोपवून वरून, टाचेकडून, बोटांकडून काढतोय. नखं आणि मोज्याच्या खुणा आधी बघून घेतल्या. आरसा मोठा लागेल, खुर्चीवर बसून दोन पायांच्या मध्ये उभा राहील असा, आणि तो पडू नये म्हणून खाली रुंद पाया. जाड काचेचाच घेणार. फोटोंचा सेट अर्धा झालाय, उरलेला रविवारी.